गॅस गिझर परत परत विझतोय? आधी तो कधी विझतो ते बघा

गॅस गिझरची तक्रार सांगताना जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "पेटतोय आणि विझतोय." मग मिस्त्री येतो, पेटी उघडतो, एखादा पार्ट बदलतो, पैसे घेऊन जातो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा कुणीतरी अंगाला साबण लावून आतून ओरडतंय, "अगं, गार पाणी यायलंय!"

पार्ट बदलूनही दुखणं परत येतं, कारण पुष्कळदा बिघाड पेटीच्या बाहेर असतो. पाण्याचा जोर कमी असतो, सेल दमलेले असतात, सिलिंडर तळाला गेलेला असतो, नाहीतर बाथरूममध्ये हवाच नसते. यातलं नेमकं काय झालंय ते ओळखायला पान्याचीही गरज नाही. नळ सोडल्यापासून गिझर किती वेळानं बंद पडतो तेवढं घड्याळात बघा. टक-टक आवाजच न येणं, आवाज येऊन न पेटणं, पेटून लगेच विझणं, दोन-तीन मिनिटांनी विझणं आणि दहा-पंधरा मिनिटांनी विझणं ही पाच वेगळी दुखणी आहेत. शेवटच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण तिथं माणूस दगावतो.

थोडं आतलं समजून घ्या, पुढचं सोपं जाईल. नळ सोडला की वाहत्या पाण्याच्या दाबानं आतला रबरी डायफ्राम सरकतो. तो एक पिन ढकलतो आणि पिन मायक्रोस्विच दाबते. मग सेलवर चालणारं सर्किट ठिणग्या पाडायला लागतं आणि गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (करंटवर उघडणारी झडप) उघडतं. बर्नर पेटला की ज्वाळेत असलेली एक कांडी सर्किटला जाळ असल्याचं कळवते. काही सेकंदांत तसं कळलं नाही तर सर्किट गॅस तोडतं. शिवाय पाणी फार तापलं तर तोडणारा एक सेन्सर असतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये साधारण वीस मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर.

टक-टक येतच नाही

म्हणजे मायक्रोस्विच दाबलाच गेला नाही, किंवा सेल पूर्ण मेलेत. सेल बदलून बघणं सगळ्यात स्वस्त, ते आधी करा. फरक पडला नाही तर पाण्याकडे वळा.

एक लिटरचा तांब्या किंवा मापाचं भांडं घ्या आणि गिझरच्या गरम नळाखाली धरा. भरायला वीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर पाणी मिनिटाला तीन लिटरपेक्षा कमी येतंय. घरगुती सहा लिटरच्या गिझरला सुरू व्हायला साधारण अडीच-तीन लिटरचा प्रवाह लागतोच. कोल्हापुरात ही अडचण वरच्या मजल्यावर हमखास येते. राजारामपुरीत काय किंवा फुलेवाडीत काय, घर वाढवताना वर एक मजला चढवतात आणि पाण्याची टाकी थेट त्याच्या स्लॅबवर ठेवतात. गिझर मागतो ०.२ ते ०.२५ बारचा दाब, आणि एक मीटर उंचीला मिळतो साधारण ०.१ बार. म्हणजे टाकीचा तळ गिझरच्या वर दोन-अडीच मीटर तरी हवा. खालच्या मजल्यावरचा गिझर झक्कास चालतो आणि वरचा हूं की चूं करत नाही, यात कंपनीचा काही दोष नसतो. टाकी लोखंडी स्टँडवर चढवा, वाटेतल्या बारीक पाइपाच्या जागी मोठा पाइप घाला, नाहीतर छोटा प्रेशर पंप बसवा. गिझर बदलून काही होत नाही. दुकानदार तेच सुचवेल, पण त्याचं ते कामच आहे.

आधी नीट चालत होता आणि जोर हळूहळू कमी झाला असेल तर गार पाण्याच्या जोडणीतली जाळी बघा. पाण्याचा कॉक बंद करून खालचा नट सोडला की बोटभर जाळी हाती येते, ती जुन्या टूथब्रशनं घासायची. आपल्याकडे पावसाळ्यात पंचगंगा-भोगावतीचं पाणी लाल येतं आणि तो गाळ या जाळीत येऊन बसतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, शहराचा पुरवठा काही दिवस बंद राहिला आणि लोकांनी टँकरचं पाणी टाक्यांत भरलं. अशा बंदीनंतर नळाला येणारं पहिलं पाणी पाइपातला सगळा मळ घेऊन येतं. २०२३ पासून काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं येतंय, पण गच्चीवरच्या टाकीच्या तळाला साचलेला गाळ त्यामुळे कुठं जात नाही. पाऊस सरला की टाकी धुवा आणि त्याच दिवशी जाळीही काढा. शॉवरची भोकं बुजली असतील तरी प्रवाह तितकाच अडतो, म्हणून शॉवर काढून नुसत्या नळावर एकदा चालवून बघा.

पाणी भरपूर, सेल नवे, तरी आवाज नाही? आता मात्र डायफ्राम. रबर कडक होतं नाहीतर त्याला बारीक भोक पडतं. पार्ट किरकोळ किमतीचा असतो. गिझरच्या पोटातून, पाण्याच्या भागाखाली थेंब-थेंब गळत असेल तर पिनेचं सीलही गेलंय असं समजा आणि दोन्ही एकदमच बदलून घ्या.

आवाज येतो, पेटत नाही

आवाज नीट ऐका. नव्या सेलवर ठिणगी भराभर पडते, दमलेल्या सेलवर टक... टक... अशी रेंगाळते. दोन मोठे दीड व्होल्टचे सेल लागतात, मिळून तीन व्होल्ट. चार्जिंगचे सेल घालू नका, ते प्रत्येकी १.२ व्होल्टचेच असतात आणि सर्किट अर्धपोटी राहतं. एक नवा आणि एक जुना अशी जोडीही नको. डबीतल्या पत्र्यांवर हिरवट-पांढरं काही जमलं असेल तर गिझरचा गॅस बंद ठेवून बारीक सँडपेपरनं घासा. बाथरूमच्या दमटपणात सेल फुटून पाझरतात आणि नवे सेल घालूनही करंट पुढं जात नाही. गावाला चाललात तर सेल काढूनच ठेवा.

ठिणगी जोरात आहे आणि तरी पेटत नाही, तर गॅस बर्नरपर्यंत पोचत नाही. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, नळ दोन-तीनदा बंद-चालू केला की पेटतो. रेग्युलेटर नीट बसलाय का, मधला गॅस कॉक कुणी बंद केलाय का, हेही बघा. हसू नका, घरात रंगकाम झाल्यावर हा कॉक बंद सापडतोच. गिझर महिनोन् महिने पडून असेल तर बर्नरच्या नळ्यांत कोळ्याची जाळी होतात. ती साफ करायचं काम माहितगाराचं.

पेटून चार-पाच सेकंदांत विझतो

जाळ आहे, पण सर्किटला तो दिसत नाही. ज्वाळेतल्या कांडीवर काजळी किंवा गंज चढतो, कांडी वाकते, नाहीतर तिची वायर सैल होते. मिस्त्री ती पुसून सरळ करतो, दहा मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी अख्खं सर्किट बदलायला निघालेला मिस्त्री भेटला तर "आधी कांडी पुसा" एवढंच म्हणा.

गॅलरीत बसवलेल्या गिझरला वाऱ्याचा त्रास होतो. पावसाळ्यात पश्चिमेकडून झड येते तेव्हा जाळ बाजूला फेकला जातो आणि गिझर विझतो. वर पत्र्याची पडवी काढा, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, पण चारही बाजूंनी कपाट करून त्याला कोंडू नका.

आता सिलिंडर. "शेगडी तर चांगली चालतीय, मग गॅस कमी कसा?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. सहा लिटरचा गिझर पूर्ण ताकदीनं तासाला साधारण एक किलो गॅस खातो, शेगडीच्या चार-पाच बर्नरइतका. सिलिंडरमध्ये गॅस द्रव असतो. तो उकळून वाफ होते तेव्हा सिलिंडरमधलीच उष्णता ओढली जाते आणि सिलिंडर गार पडतो. द्रव कमी आणि हवा थंड असली की वाफ मंद होते. शेगडीच्या एका बर्नरला तेवढी पुरते, गिझरला पुरत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत, पारा १४-१५ अंशांवर असताना, पहाटे पहिल्यांदा अंघोळीला जाणाऱ्याच्या नशिबी हे येतं आणि नऊ वाजता तोच गिझर सुरळीत चालतो. सिलिंडर हलवून बघा, तळाला गेला असेल तर स्वयंपाकाला वापरा आणि भरलेला गिझरला लावा. सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवणं किंवा आडवा करणं असले उद्योग करू नका. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस सरळ नळीत येतो.

शेगडी आणि गिझर एकाच रेग्युलेटरवर, रबरी नळीत टी मारून जोडलेले असतील तर भाकरीचा तवा चढला की गिझर रुसतो. तशी जोडणी मुळातच धोक्याची आहे. गिझरला स्वतंत्र सिलिंडर आणि रेग्युलेटर द्या, आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी लावा आणि पाच वर्षांनी ती बदला, दिसायला चांगली असली तरी.

पाइपचा गॅस घेतलेल्यांनी एक गोष्ट तपासायलाच हवी. सिलिंडरचा गॅस शेगडीला साधारण ३० मिलिबारनं येतो, पाइपचा साधारण २१ नं, आणि पाइपच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात उष्णता कमी असते. त्यामुळे दोन्हींच्या जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोट्यांची, भोकं वेगळी. सिलिंडरचा गिझर जेट न बदलता पाइपवर जोडला तर जाळ मरतुकडा येतो आणि विझत राहतो. उलटं केलं तर जाळ पिवळा, मोठा आणि काजळी सोडणारा. गिझरच्या पाटीवर कोणता गॅस लिहिलाय ते वाचा.

दोन-तीन मिनिटांनी विझतो, थोड्या वेळानं पुन्हा पेटतो

हा तापल्याचा कारभार. पाणी हळू जातंय आणि आच मोठी आहे, म्हणून सेन्सर तोडतो. मार्च-एप्रिलमध्ये ही तक्रार वाढते, कारण गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं आणि गॅसचा खटका मात्र हिवाळ्यावर राहिलेला असतो. खटका उन्हाळ्यावर न्या, गॅसची कळ कमी करा, पाण्याची वाढवा. पाणी फार गरम येतंय म्हणून गरम नळ बारीक करणं उलटंच पडतं, प्रवाह घटून ते आणखी तापतं. नळ पूर्ण सोडा आणि गार पाणी बादलीत वेगळं मिसळा.

तरी विझत असेल तर आत क्षार बसलाय. नदीचं पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास उशिरा होतो. बोअरचं पाणी असलेल्या कॉलनीत लवकर. ओळख अशी की तोच जोर, तीच आच, पण पाणी पूर्वीसारखं तापत नाही आणि आतून खदखदल्यासारखा आवाज येतो. मिस्त्रीकडून तांब्याची गुंडाळी सोडवून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यानं धुवून घ्या. संडास साफ करायचं ॲसिड कुणी सुचवलं तर नको म्हणा, ते क्षाराबरोबर तांबंही खातं. आणि गरम पाण्याची लाइन साध्या पीव्हीसीची असेल तर ती गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसीची करून घ्या. साधा पाइप गरम पाण्यानं मऊ पडून सांध्यात गळतो.

दहा-पंधरा-वीस मिनिटांनी विझतो

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला सगळं घर ओळीनं जातं, नळ बंदच होत नाही आणि बरोबर वीस मिनिटांनी गिझर बसतो. तो टायमर. नळ बंद करून पुन्हा सोडा, पेटेल. दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी बंद पडतो आणि लगेच पेटतो, ही त्याची खूण.

पण वेळ दर वेळी वेगळी असेल, दार लावलं की विझत असेल आणि उघडलं की चालत असेल, तर आतली हवा संपतेय. काही मॉडेलमध्ये ऑक्सिजन कमी झाल्यावर तोडणारा सेन्सर असतो. तो सेन्सर "त्रास देतोय" म्हणून वायर जोडून बायपास करणारे मिस्त्री आहेत. असं कुणी करून दिलं असेल तर आजच तो गिझर बंद करा.

हिशोब करून बघा. एक किलो गॅस पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फुटांची, आठ फूट उंच न्हाणी म्हणजे साडेपाच घनमीटरसुद्धा नाही. पंधरा मिनिटांच्या अंघोळीत पाव किलो गॅस जळतो, त्याला लागली तीन घनमीटर हवा, म्हणजे न्हाणीतली निम्म्याहून जास्त. त्याच्या कितीतरी आधी जाळ अर्धवट जळायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कळलं तरी उठून कडी काढता येत नाही.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत जिन्याखाली किंवा बोळात काढलेल्या न्हाण्या आहेत. खिडकी असली तर वीतभर, आणि थंडीत तीही कागद लावून बंद. पूर्वी अशा घरांत पाणी तापवायला तांब्याचा बंब असायचा आणि तो परसात, दाराबाहेर पेटायचा. तो आत आणायचं कुणाच्या मनातही येत नसे, कारण धूर डोळ्यांना झोंबायचा. गॅसचा धूर दिसत नाही, म्हणून तीच आग आपण चार फुटांच्या खोलीत घेऊन कडी लावतो.

म्हणून गिझर बाहेर. गॅलरीत, परसात, डक्टच्या उघड्या बाजूला, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. मला दुसरा पर्याय पटत नाही. भाड्याचं घर असेल आणि गिझर आतच असेल तर बादल्या आधी भरून घ्या, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा आणि मगच अंघोळीला जा. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं असं समजू नका. बाहेरची हवा आत यायला दाराखाली किंवा भिंतीत खाली जाळी नसेल तर फॅन जळालेला वायू उलटा खोलीत ओढू शकतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं आत असताना कडी लावू देऊ नका.

कुणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडक्या उघडा, गॅस तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, न्या की खासगी दवाखान्यात, डॉक्टरांना पहिलं वाक्य "गॅस गिझर चालू होता" हे सांगा. नाहीतर चक्कर, बीपी, साखर याच दिशेनं तपासणी सुरू होते.

इथं पाना हातात घेऊ नका

नळ बंद केल्यावरही जाळ चालू राहिला तर पिन अडकलीय. गिझरचा गॅस कॉक तिथल्या तिथं बंद करा, कारण आत पाणी वाहत नाही आणि गुंडाळी कोरडी तापतेय. पेटताना धप्प असा आवाज होत असेल तर गॅस आधी साठून मग पेटतोय, त्याला "जुना झालाय" म्हणून चालवून घेऊ नका. निळ्याऐवजी पिवळा जाळ किंवा पेटीवर काळे डाग म्हणजे वर सांगितलेला तोच विषारी वायू, उघड्या गॅलरीत असला तरी सर्व्हिसिंग होईपर्यंत बंद.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा आणि दारं उघडा. विजेचं कुठलंही बटण दाबू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली मोरीच्या भोकाशी साठतो, त्यामुळे उभ्या माणसाला वास कमी येतो. बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा, हा गॅसगळतीचा चोवीस तासांचा नंबर आहे. सांधा तपासायचा तो साबणाच्या फेसानं. काडी लावून बघणारे बहाद्दर अजून आहेत, त्यांना घरात घेऊ नका.

मिस्त्रीला फोन करताना "विझतोय" एवढंच न सांगता किती वेळानं विझतो, तांब्या किती सेकंदांत भरतो, सेल कधी बदलले आणि जाळ कोणत्या रंगाचा, हे चार मुद्दे सांगा. योग्य पार्ट पिशवीत घालून तो एकदाच येईल. नवीन गिझर घेणार असाल तर आयएस १५५५८ हा मानक क्रमांक आणि आयएसआय शिक्का पाटीवर बघून घ्या. आणि पार्ट बदलला की जुना मागून ठेवून घ्या. डायफ्राम असेल तर उजेडाकडे धरून ताणा, भोक असलं तर दिसेल, नसलं तर मिस्त्रीला विचारा.